नाव घातलेल्या वाट्या

जयपूरला बदली झाली ती नवऱ्याच्या विमा कंपनीच्या लेखी बढती होती. तिलक नगरात, मोती डुंगरीच्या बाजूला, तळमजल्यावरचं घर मिळालं. घर कसलं, एक भलीमोठी बैठक आणि तिच्यामागे नावापुरत्या दोन खोल्या. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत आणि दुपारभर मी कूलरची घरघर ऐकत बसलेली. माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, दुपारी दार लावून घेतलं तर लोक विचारायला येतात की कुणी आजारी आहे का. इथं दार उघडं टाकलं तरी आत फक्त धूळ यायची.

शेजारणी मनाने चांगल्या होत्या, पण सासूला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायची त्यांना मुभा नव्हती. गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलायच्या. मला ‘मराठी भाभी’ म्हणायच्या. माझं नाव विचारावं असं कुणाला वाटलं नाही आणि न विचारता सांगायची माझी हिंमत नव्हती.

पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकू केलं ते निव्वळ कंटाळ्यापोटी. लष्करी छावणीतून चार मराठी बायका आल्या, तिळगूळ घेतला, बदल्यांची रड ऐकवली आणि गेल्या. दुसऱ्या वर्षी मी गल्लीतल्या घरोघरी जाऊन सासवांनाच सांगितलं, सुनांना पाठवा. ‘पूजा है,’ म्हटलं, म्हणजे कुणाला नाही म्हणता येईना. त्यात संक्रांतीला जयपूरचे सगळे पुरुष दिवसभर गच्चीवर पतंगाच्या मागे असतात, खाली घरात कोण आहे नि कोण नाही याची त्यांना शुद्ध नसते. त्यांच्यातही संक्रांतीला सवाष्णींना वस्तू द्यायची रीत आहे, त्यामुळे वाण लुटणं त्यांना चटकन समजलं. बैठक भरली. घुंगट मागे सारून बायका हसत होत्या, सासवांच्या नकला करत होत्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यांच्यात आमच्या भागातल्या एका नेत्याची वहिनी होती. तिने घरी जाऊन सांगितलं असणार, कारण पुढच्या वेळी नेते स्वतः दारात हात जोडून उभे. बंद गळ्याचा कोट, जिभेवर साखर. म्हणाले, फक्त दोन शब्द बोलतो. बायकांनी घुंगट ओढून घेतले आणि नेत्यांचं भाषण सुरू झालं. नमनालाच घडाभर तेल गेलं. चहा दोनदा उकळवावा लागला. पण जाताना ते मला म्हणाले की इतक्या बायका एका जागी मी सभेतही पाहिल्या नाहीत, आणि मला ते आवडलं. का आवडू नये?

मग माझ्या बैठकीला उसंत राहिली नाही. गणपती, कोजागिरी, दर महिन्याची महिला बैठक. एका मे महिन्यात नळ कोरडे पडले तेव्हा मी गल्लीतल्या बायकांना रिकाम्या घागरी घेऊन पाणी खात्याच्या कचेरीत नेलं. साहेब नाहीत, असं कारकून म्हणाला. आम्ही घागरी पायऱ्यांवर मांडल्या आणि भजनं म्हणत बसलो. साहेब मागच्या खोलीतून निघाले आणि टँकरही निघाला. त्या दिवशी मला कळलं की मला हे जमतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि मला काहीतरी जमतं हे मला जयपूरच्या पाणी खात्याने सांगितलं.

नेत्यांनी खटपट करून आमच्या घरी फोन आणून दिला. लोक त्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळत, म्हणून मी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. फोन यायचे ते त्यांचेच. विधानसभेची निवडणूक जवळ येत होती आणि ते उभे राहणार होते. मला त्यांनी बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं की निवडणुकीनंतर पक्षाची शहरातली महिला शाखा तुम्हीच सांभाळायची. शहर म्हणजे नुसती आमची गल्ली नव्हे. मला ते पद हवं होतं. इतकं हवं होतं की मी कुणापाशी बोलायचीही नाही.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याची नागपूरला बदली झाली. मी म्हटलं, निवडणूक होईपर्यंत मी राहते. तो म्हणाला, बरं. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान मलाही माझी बाजू मोठ्याने मांडता आली असती. शाळेचं वर्ष नव्याने सुरू होत होतं म्हणून मुलगी त्याच्याबरोबर गेली. गाडी सुटताना ती खिडकीतून म्हणाली, ‘मतलब, आई, तू दिवाळीला येशील ना?’ दिवाळीला आमच्याकडे महिला मेळावा होता.

माणसं येत होती, जात होती. गेली की मी पंधरा-वीस कप विसळायचे, सतरंज्या झटकायचे आणि उरलेलं फरसाण उभ्याउभ्याच खायचे. त्या सगळ्या वर्षांत ‘तुम्ही जेवलात का’ हे मला कुणी विचारलं नाही. विचारणार कसं, यजमानीण उपाशी असते हे पाहुण्याच्या ध्यानातच येत नाही. एकटेपणा रिकाम्या घरात असतो असं म्हणतात. तो मला भरल्या बैठकीत जास्त भेटला.

निवडणुकीआधीच्या संक्रांतीला मी वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या. आपल्याकडे भांडं नावाशिवाय देत नाहीत. लग्न असो, मुंज असो, वाण असो, दुकानातच नाव घालून घ्यायचं, म्हणजे पुढे कुणी दिलं ते कळतं. मीही घालून घेतलं. बाजारातला माणूस छिन्नी ठोकत विचारत होता, ‘सबपे?’ मी म्हटलं, सगळ्यांवर. खरं तर मला वाटलं होतं की त्या निमित्ताने का होईना, घराघरात माझं नाव जाईल. मराठी भाभीलाही नाव आहे, हे कुणीतरी डाळ वाढताना वाचेल.

चौथ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात माझ्या वाटीचा फोटो आला. मतदारांना भांडी वाटली, वर नावही खोदून दिलं, असं खाली छापलं होतं. नाव अगदी स्वच्छ दिसत होतं. ज्यांना ते ठाऊक नव्हतं त्यांना सगळ्यांना त्या सकाळी कळलं.

नेते संध्याकाळी आले. या वेळी बसले नाहीत.

‘नाम क्यों खुदवाया?’

‘हमारे यहाँ बिना नाम के बरतन नहीं देते.’

‘आपके यहाँ,’ ते म्हणाले. ‘भाभीजी, यह जयपुर है.’

पुढे ते गोडच बोलले. निवडणुकीपर्यंत समोर येऊ नका, बाकी सगळं तुमचंच आहे. मी समोर आले नाही. मागे राहून सगळ्यांसाठी पोळ्या लाटल्या, बायकांना मतदानाला घराबाहेर काढलं. ते निवडून आले. महिला शाखा त्यांच्या वहिनीला मिळाली. आयत्या बिळावर नागोबा, पण वहिनीचाही दोष नाही, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते जाहीर झालं माझ्याच बैठकीत, कारण सतरंज्या आणि कप माझ्याकडे होते. मी कांदेपोहे केले. सगळ्यांनी वाखाणले. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला होता, तरी पोह्यांवर खोबरं मी सगळ्यांना सारखंच भुरभुरलं.

पुढच्या महिन्याची बैठक वहिनीकडे झाली. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत साडी नेसून बसले होते, न जाणो कुणी चुकून इकडे येईल. कुणी आलं नाही. फोन वाजला नाही. आठवडाभर तो वाजलाच नाही.

रविवारी सकाळी मी नागपूरला ट्रंक कॉल लावला. कंपनीने तिथल्या घरी फोन दिला होता. मुलीने उचलला. तिच्या बोलण्यातला ‘मतलब’ गेला होता, आवाजही मोठ्या बाईसारखा झाला होता. बाबा भाजी आणायला गेलेत म्हणाली. मी सांगितलं की मी येतेय. तिला आनंद झाला, खरंच झाला, मला तो ऐकू आला. मग ती क्षणभर थांबली, घरात काही हलवायचं झालं की माणूस थांबतं तशी.

‘किती दिवस राहशील?’ तिने विचारलं. ‘माझी खोली तुला देते. मी बाबांच्या टेबलापाशी गादी टाकेन.’

मी म्हटलं, ‘नको गं, मीच झोपेन बाहेर.’