हिरवा दिवा लागेना

माझ्या लेकीचा, रेवाचा तो पत्त्यांच्या जोडाएवढा, बिनडब्याचा उघडा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर पडला होता. लाल दिवा लागला होता, म्हणजे वीज पोचत होती. पण हिरवा दिवा लुकलुकत नव्हता आणि त्याला जोडलेला स्क्रीन काळाच होता.

"गेला वाटतं कामातून," मी म्हणालो.

"लगेच काय रे बाबा! मोबाइलचा चार्जर लावलाय, त्याला पुरत नसेल. उपाशीपोटी कोण उठेल?"

तिनं दुसरा चार्जर लावला. मग आतलं बारीक मेमरी कार्ड काढून पुसलं, पुन्हा बसवलं. दर वेळी थांबून बघत होती. एकदाही चिडली नाही. बिघाड शोधायलाही माया लागते, हे मला आता पन्नाशीत दिसत होतं. बारावीत ती नापास झाली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोललो नव्हतो. तिला कुठे काय कमी पडतंय, हे विचारणं सुचलंसुद्धा नाही. ते मी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं, तिच्या आईपाशीही नाही.

"बारावीच्या वेळी मी तुला काहीच विचारलं नाही गं. चुकलंच माझं."

तिचे हात थांबले. हिरवा दिवा अजून लागला नव्हता. तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मग विचार ना आता," ती म्हणाली.