खंडेनवमीला लष्कर मोहल्ल्यात रस्ता कुणी झाडला?

आधीच सांगतो, मला भूत विकायचं नाहीये. माझा धंदा जुन्या दुचाकी घ्यायचा आणि विकायचा. "सिंगल ओनर आहे सार, फक्त लेडीजनी वापरलीय" असं शपथेवर सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, तर भुताखेतांवर काय ठेवणार! पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते म्हणतात. मला त्यांच्याकडून फक्त आडनाव मिळालं. बाकी सगळं, लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानासकट, मी स्वतः घासाघीस करून उभं केलंय. त्यामुळे खाली जे लिहितोय ते पटलं नाही तर खुशाल नाही म्हणा. मलाही पटलेलं नाही... पण ते झालंय.

आमच्याकडे म्हैसुरात खंडेनवमीला, म्हणजे इथल्या भाषेत आयुधपूजेला, काय चालतं ते महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत नसेल. प्रत्येक गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मग एक मोठा कोहळा घ्यायचा, वरून कापून आत कुंकू भरायचं, कापूर पेटवायचा, गाडीवरून ओवाळायचा आणि भर रस्त्यात आपटून फोडायचा. कशासाठी? गाडीला अपघात होऊ नये म्हणून! दुपारपर्यंत सगळा रस्ता कोहळ्याच्या गराने आणि लाल पाण्याने बुळबुळीत. त्यावरून पुढचं चाक गेलं की संपलं.

माझी धाकटी बहीण यमुना अशीच गेली. ती अग्रहार भागात राहायची, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. सगळा मोहल्ला तिला यमुनक्का म्हणायचा. माझ्या दुकानातल्या पूजेला स्कूटरवरून गोड सांजा घेऊन येत होती. डोक्यावर हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता. आमच्याच गल्लीच्या वळणावर चाक घसरलं आणि मागून टेम्पो आला.

माझा राग कुठे आहे तो ऐका. टेम्पोवाल्यावर आहेच, पण त्याहून जास्त माझ्या शेजाऱ्यांवर आहे. तेराव्याच्या आत गल्लीत बोलणं सुरू झालं की अक्का जोरात चालवत असणार. यमुना! जिला सायकलवाले ओव्हरटेक करायचे, ती! आणि समोरचा टायरवाला शिवण्णा, जो तिच्या हातचा सांजा वर्षानुवर्षं खात आला, तो माझ्या तोंडावर म्हणाला, "अय्यो अण्णा, तिच्या स्कूटरची पूजा त्या सकाळी झाली नव्हती म्हणे. त्यामुळेच." कोहळा ज्याने फोडला तो शहाणा आणि घसरली तिचं चुकलं. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

पुढच्या वर्षी दसरा जवळ आला तसा मी कामाला लागलो. भांडून काही मिळत नाही हे मला धंद्याने शिकवलंय, सौदा करावा लागतो. गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना कॉफी पाजली. आधी म्हणालो, कोहळाच नको. सगळे उसळले. मला तेच हवं होतं. मग मी खाली उतरलो. बरं, सगळ्या गल्लीत मिळून एकच कोहळा, तोही कडेला, गटाराजवळ, आणि फोडल्या फोडल्या उचलायचा. कुरकुर करत सगळे कबूल झाले. शिवण्णाने माझ्या हातावर हात मारला. "आयतु अण्णा, ठरलं, एकच."

खंडेनवमीला दुपारी बघतो तर काय! प्रत्येक दुकानासमोर एकेक कोहळा फुटलेला, आणि रस्त्याच्या मधोमध. शिवण्णाने तर दोन फोडले, एक दुकानाचा आणि एक त्याच्या नव्या कारचा.

"हात मारला होतास ना रे?" मी ओरडलो.

"काय करू अण्णा, बायको ऐकेना. म्हणाली, दुसऱ्याच्या कोहळ्याने आपली दृष्ट कशी जाईल?"

तेवढ्यात माझ्या मुलीचा, मेघनाचा फोन आला. ती हूटगळ्ळीला एका कारखान्यात आहे. तिथली पूजा आटपून निघत होती.

"अप्पा, निघाले हं. आईला सांग, भूक लागलीय."

"बस धरून ये."

"स्कूटर इथे कुणाच्या जिवावर ठेवू?" म्हणाली आणि फोन ठेवला. परत केला तर उचलेना. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे मीच शिकवलेलं.

मी दुकानात शिरून झाडू उचलला. आता त्या दिवसाचा दुसरा नियम ऐका. आयुधपूजेला हत्यारं, अवजारं देवापुढे मांडायची आणि त्या दिवशी त्यांना काम द्यायचं नाही. पान्हे, हातोडे, वजनकाटा, झाडूसुद्धा. माझ्या झाडूलाही सरोजाने, माझ्या बायकोने, कुंकू लावून फूल खोचलेलं. मी तो उचलला तशी ती किंचाळली, "अहो, पूजेतला आहे तो!" आणि शिवण्णा धावत येऊन माझ्या मनगटाला लोंबकळला.

"अण्णा, आजच्या दिवशी झाडू मारू नका! सगळ्या गल्लीला लागेल!"

"काय लागायचं ते माझ्या बहिणीला लागलं! सोड!"

"बिडी अण्णा, सोडून द्या, स्वल्प शांत व्हा..."

"तुझी मुलगी येतेय का त्या रस्त्यावरून? सोड म्हणतो!"

भांडण म्हटल्यावर आमच्या गल्लीला पूजेपेक्षा जास्त उत्साह. बॅटरीवाला, सीट कव्हरवाला, त्यांच्या बायका, सगळे माझ्या दुकानात घुसले. माझ्या बाजूने कोण आणि शिवण्णाच्या बाजूने कोण, काही कळत नव्हतं. एवढं मात्र नक्की, रस्त्याकडे सगळ्यांची पाठ होती.

आणि मग बाहेर हॉर्न वाजला.

मी गर्दी फोडून शिवण्णासकट बाहेर आलो. मेघना दारात स्कूटर स्टँडला लावून हेल्मेट काढत होती. धडधाकट. हसत म्हणाली, "अप्पा, यंदा ऐकलं म्हणायचं लोकांनी! छान झाडलंय."

मी रस्त्याकडे पाहिलं. वळणापासून माझ्या दारापर्यंत एक पट्टा स्वच्छ होता. एक स्कूटर आरामात जाईल एवढाच रुंद. वळणावर वळलेला, गाडी वळते तसाच. दोन्ही बाजूंना लाल चिखल तसाच, आणि हा पट्टा मात्र कोरडा. नुसता झाडलेला नाही, कोरडा! आणि पट्ट्यातला कोहळा कुठे गेला होता? ज्याचा त्याच्या उंबऱ्यावर. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर नीट गोळा करून ठेवलेला छोटा ढीग. शिवण्णाच्या पायरीवर दोन.

माझ्या पायरीवर काही नव्हतं. मी फोडलाच नव्हता.

"हे तुम्हीच केलंत!" बॅटरीवाला माझ्यावर धावला.

मी शिवण्णाकडे बघितलं. तो अजून माझं मनगट धरून होता. "सांग त्यांना," मी म्हणालो. त्याने हळूच हात सोडला.

मी सोडणारा माणूस नाही. दुकानादुकानांत शिरून झाडू पाहिले. सगळे देवापुढे, फूल खोचलेले, कोरडे ठाक. शिवण्णाच्या दुकानावर कॅमेरा आहे, तो बघायला लावला. पण पठ्ठ्याने कॅमेऱ्याचीही पूजा केलेली! भिंगासमोर झेंडूचा हार. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये पिवळ्या पाकळ्या, आणि आवाज येतो तो फक्त माझ्या शिव्यांचा. पालिकेचे झाडूवाले त्या दिवशी सुटीवर. मेघनाला खोदून खोदून विचारलं. तिने कुणाला पाहिलं नाही. रस्ता रिकामा होता, एवढंच सांगते.

इथे थांबलो असतो तर तुम्हाला बरी गोष्ट मिळाली असती. पण खरा संताप तर पुढे आहे.

आठवडाभरात गल्लीने ठरवून टाकलं की यमुनक्काच आली होती. बायका वळणावर उदबत्ती लावायला लागल्या. आणि यंदा दसऱ्याआधी शिवण्णा गल्लीतली मंडळी घेऊन माझ्याकडे आला. नम्रपणे. हातात फळं.

"अण्णा, अक्काचा एक फोटो द्या. वळणावर छोटी गुडी बांधतोय." गुडी म्हणजे देऊळ.

"कशाला?"

"आपल्या गल्लीचं रक्षण करते ना. आता कोहळ्याचं टेन्शन नाही, अक्का बघून घेईल."

माझं डोकं असं सणकलं! जिवंत होती तेव्हा तिच्या वाटेत कोहळे फोडले, आणि आता मेल्यावर तिलाच झाडायला लावताय? तरी मी आवाज चढवला नाही. सौद्याच्या वेळी मी चढवत नाही.

"फोटो देतो," मी म्हणालो. "मोठा, फ्रेम करून. माझी एकच अट. या गल्लीत रस्त्यावर एकही कोहळा फुटणार नाही."

शिवण्णा खरंच गोंधळला. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "मग अण्णा... अक्का कशाला हवी?"

मी फळं परत दिली. फोटो दिला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी दुकानातल्या सगळ्या जुन्या गाड्या बाहेर काढल्या आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना आडव्या लावल्या. दिवसभर एकही वाहन आत येऊ दिलं नाही. येणाऱ्याला सांगत होतो, उतरा, चालत जा. शिव्या खाल्ल्या, दिल्या त्याहून जास्त. शिवण्णा पोलिसांत जाईन म्हणाला. मी म्हटलं, जा, तेही दरवर्षी रस्त्यावर कोहळे फोडू नका म्हणूनच सांगतात. संध्याकाळी पूजेतला झाडू उचलून एकटाच वळणावर गेलो आणि मोकळा रस्ता होईपर्यंत झाडत राहिलो. उदबत्तीची राखसुद्धा झाडली. पुढच्या वर्षीही हेच करणार, ज्याला जे लागायचं ते लागू दे.

तो पट्टा कुणी झाडला? मला माहीत नाही. वर्ष उलटलं, सगळ्या बाजूंनी विचार केला, उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त ती यमुना होती म्हणून हात जोडून मोकळे होऊ नका. तीच असेल, तर तिला माझं एवढंच सांगणं आहे, बाई, आता परत येऊ नकोस. ही माणसं तुला आयुष्यभर राबवतील.