दशरथने वर केलेला हात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिचा तर समज आहे की माझं सगळं तिला ठाऊक आहे. आज तुमच्यापाशी का बोलतोय? कोण जाणे. बसा जरा, मला पटकन सांगता येणार नाही.

दशरथपासून सुरुवात करतो. चामटोलीचा, भातशेतीवाल्या घरातला. आमच्या अंबरनाथच्या बास्केटबॉल क्लबच्या दारातून तो वाकून आत यायचा, एवढा उंच. बास्केटखाली उभा करायला म्हणून त्याला आणला, पण गडी नुसता उंच नव्हता हो. चेंडू घेऊन असा वळायचा की अडवणारा भलतीकडेच उडी मारायचा. त्याला पास मी द्यायचो. लोक म्हणायचे, काय पास देतो हा! डोंबलाचे पास. मी वेडेवाकडे फेकायचो, तो वरच्या वर झेलून त्यांचं सोनं करायचा.

आमच्या सरांचा एक दंडक होता. फाउल ज्याचा, त्याने आपणहून हात वर करायचा. पंचाला शोधायला लावायचं नाही. सरावातसुद्धा.

उल्हासनगरला फायनल होती. राज्याच्या संघाची निवड करणारे समोरच खुर्च्या टाकून बसलेले. समोरच्या संघातला एक पोरगा सारखा माझी जर्सी ओढत होता — पण ते कारण नाही, ते मी सांगायलाच नको होतं. बास्केटखाली गर्दी झाली आणि मी कोपर मारलं. मुद्दाम. त्याच्या तोंडातून रक्त आलं. पंचाला नीट दिसलं नव्हतं. त्याने शिट्टी मारली आणि विचारलं, "किसका?"

दशरथने माझ्याकडे पाहिलं. तो थांबला होता — माझ्यासाठी. माझा हात काही उठेना. कशाला भ्यालो? त्या खुर्च्यांना. मग त्याने स्वतःचा हात वर केला.

त्याला बाहेर काढलं, वर बंदी घातली. राज्याच्या संघात मी गेलो, आणि त्या जोरावर कारखान्यात चिकटलो. बंदी उठल्यावर तो पुन्हा आमच्याकडून खेळला, गुडघे जाईपर्यंत खेळला. त्याच्यासारखा सेंटर या पट्ट्यात परत झाला नाही. पण राज्याने त्याला कधी बोलावलं नाही. त्याने मला कधी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

क्लबात आता मानाची भिंत आहे, मोठ्या खेळाडूंच्या फोटोंची. माझा फोटो आहे तिथे. यंदा दशरथची मुलगी आली. म्हणाली, "काका, बाबा अंथरुणाला खिळलेत. त्यांचा फोटो लागेल ना? तुम्ही आहात ना कमिटीत."

मी आहे कमिटीत. बैठकीत कोणीतरी नियम काढला: मारामारीसाठी मैदानाबाहेर काढलेल्याचा फोटो लागत नाही. अध्यक्ष माझ्याकडे वळले. तुम्ही होतात ना त्या सामन्यात, काय झालं होतं नेमकं? मी म्हणालो, "फार वर्षं झाली, आठवत नाही." मग मतदान झालं. मी दशरथच्या बाजूने हात वर केला, एकट्याने. चहाच्या वेळी सगळे म्हणाले, दोस्ती असावी तर अशी. मी तो चहा प्यायलो.

चामटोलीला जाऊन मीच त्याला सांगितलं, की नाही जमलं. त्याचे पाय पलंगाच्या बाहेर आलेले, खाली स्टूल लावलेलं.  तो म्हणाला,

"जाऊ दे रे. तुजा हात वर व्हता ना?"

हो म्हणालो.

"मंग झालं," तो म्हणाला, आणि हसला.

पंधरवड्यात गेला. त्याला खांदा द्यायला मी पुढे होतो.