मिस्त्रीने मोडलेला सौदा

माझी वीस वर्षांची आलिशान जर्मन गाडी वसमतच्या एका मिस्त्रीच्या जिवावर चालते. बोनेट उघडण्याआधी तो तिला विचारतो, “काय तकलीफ हाय, बाई?”

पुण्याहून सुटे भाग मागवून मी मेटाकुटीला आलो आणि गाडी विकायला काढली. कुरुंद्याच्या एका हळद व्यापाऱ्याला ती आवडली. विसार देण्याआधी, रिवाजाप्रमाणे, तो मिस्त्रीचं मत घ्यायला आला. परवाच इंजिन ठणठणीत असल्याची मला ग्वाही देणारा हा सज्जन सुतकी चेहरा करून म्हणाला, “इंजिन बसायला आलंय, शेठ. गिअरबॉक्सबी जाऊन राहिला. काहून फसता?”

शेठ निघून गेले. मी डोळे वटारले. मिस्त्री बोनेट पुसत पुटपुटला, “हळदीची पोती टाकली असती हो त्यांनी हिच्यात.”

मी रागावणार होतो. पण इतकं हलकं वाटलं, की दोन चहा सांगितले.