बिनवासाचा शिकारी

माझे पप्पा आर्थर तुस्कानो अबुधाबीतल्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट शेफ होते. सातशे माणसांचं लग्न असो की बँकेचं डिनर, किचन त्यांचं. आणि शेवटचं वर्षभर त्यांना कशाचीही चव लागत नव्हती. वासही येत नव्हता. एका तापात दोन्ही गेलं. ताप उतरला, हे काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, इन्शाल्ला.

हे तिघांना माहीत होतं. मला, माझ्या मम्मीला म्हणजे लिलीला, आणि पप्पांचे सू-शेफ सुजीत अंकलना. चौथ्याला कळलं की खलास. मम्मी ती साखळी रोज एका श्वासात म्हणायची, आमटी ढवळता ढवळता: "चव नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर रीम बेटावरचा फ्लॅट नाही, हिची बारावी नाही, चला वसईला." मग चमचा माझ्यापुढे. "मीठ?"

"लिटल लेस," मी म्हणायचे.

"मराठीत कमी म्हणायला काय होतं गं तुला?"

घरी मी चाखायचे, हॉटेलात सुजीत अंकल. तिथली पद्धत अशी: पप्पा चमचा बुडवणार, डोळे मिटून सॉस तोंडात फिरवणार, "हं" म्हणणार आणि अंकलकडे बघणार. सुजीत अंकल मागून चाखणार. सगळं बरोबर असेल तर "परफेक्ट, शेफ." नसेल तर "शेफ, एक मिनिट," आणि कानामागे खाजवलं तर मीठ कमी, नाक चोळलं तर आंबट कमी. एका एंगेजमेंटच्या दिवशी अंकलना खरोखरच खाज सुटली आणि दीडशे लोकांनी खारट बिर्याणी खाल्ली. यजमानांनी ती चांगली म्हटली, हा भाग वेगळा.

पप्पा पूर्वी मोठ्या आवाजाचे होते. मी बिल्डिंगच्या सिक्युरिटीची नक्कल केली की टेबलावर थाप मारून हसायचे आणि "आता सातव्या मजल्यावरच्या बाईची कर" म्हणायचे. तापानंतर तेही गेलं. म्हणजे रागावले नाहीत, रडले नाहीत, फक्त सगळ्याला "ओके." जेवण कसंय, ओके. आजीचं वसईत ऑपरेशन झालं, ओके. माझे मार्क कमी, ओके. मी सातव्या मजल्यावरची बाई केली, जीव ओतून केली, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "ओके. दार लावून घे." मम्मी म्हणायची, जिभेवरून सुरू झालं आणि आत उतरत गेलं.

तशात नवे जनरल मॅनेजर आले. मिस्टर ग्रूबर, ऑस्ट्रियाचे. उंच, लाल कान, आणि पप्पांना "आर्तुर" म्हणणार. हिवाळ्याच्या मेन्यूत हरणाचं मांस ठेवायचं हे त्यांनी आल्या आल्या ठरवलं. मांस बाहेरच्या देशातून येणार होतं, फ्रोझन. पण ग्रूबर साहेबांचं तत्त्व होतं. सुजीत अंकल ते तत्त्व आमच्या सोफ्यावर बसून, मान ताठ करून सांगतात: "आर्तुर, झ शेफ हू कुक्स झ डिअर मस्ट वन्स मीट झ डिअर." त्यांच्या गावी म्हणे मुलगा वयात आला की आजोबा बंदूक देतात. आमच्या वसईत आजोबा केळीचा घड देतात, पण हे पप्पा बोलले नाहीत. पप्पा म्हणाले, "ओके, सर."

"ओके काय, आर्थर?" घरी मम्मी. "एक्केचाळीस वर्षांचा बाप्या तू, पाल मारायला मला हाक मारतोस."

"कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय मार्चमध्ये. बाकीचे डिपार्टमेंट हेडही शिकारीला जातायत."

"जा मग," मम्मी म्हणाली. व्हिसाचा विषय आला की ती पुढचं बोलत नाही.

आधी क्लबात नेमबाजी शिकायची होती. तिथल्या ट्रेनर कावेरी मॅडम कूर्गच्या. त्यांच्या घरी पाळण्याशेजारी बंदूक टांगतात, असं त्या स्वतःच सांगायच्या. मी शनिवारी पप्पांबरोबर जायचे आणि काचेमागे बसायचे. एचआरचा माणूस आला होता, त्याचा खांदा थरथरत होता. फायनान्सवाले डोळे मिटून गोळी झाडायचे. पप्पा आडवे झाले, श्वास सोडला, गोळी मारली. मधोमध. परत मारली. मधोमध.

"पहली बार है?" मॅडम म्हणाल्या. "सर, आपकी तो नब्ज भी नहीं हिलती. लोग सालों मेडिटेशन करते हैं इसके लिए."

"ओके," पप्पा म्हणाले.

मॅडमना ते नम्र वाटले. गाडीत मी मॅडमचा आवाज काढून परत सांगितलं, नब्ज भी नहीं हिलती. पप्पांनी इंडिकेटर दिला आणि वळले.

मग शिकार ठरली, एका वेळी एकाच हेडची, आणि पहिला नंबर पप्पांचा. वाळवंटात एक कुंपण घातलेली राखीव जागा आहे. परवाना घेऊन जायचं, ठरलेलं एकच जनावर, तेही म्हातारा नर, कळपातून बाजूला पडलेला. तिथले वाटाडे तय्यबभाई बलुची. त्यांनी आधीच फोन करून सगळ्यांना ताकीद दिली. ती ताकीद आमच्याकडे स्पीकरवर आली म्हणून मला तोंडपाठ आहे: "साब, हिरन की आँख से छुप जाओगे, कान से छुप जाओगे, नाक से नहीं छुपोगे. दो दिन साबुन नहीं, अत्तर नहीं, क्रीम नहीं, सिगरेट नहीं. समझ गए ना मेरे भाई?"

मम्मीने हे इतकं मनावर घेतलं की घरात दोन दिवस तपासणीच सुरू होती. पप्पांचे कपडे पावडरशिवाय नुसत्या पाण्यात धुतले. टॉवेल वेगळा. मी परफ्यूम मारून हॉलमध्ये आले तर मला बाल्कनीत पाठवलं. "पप्पांच्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तू व्हॅनिला फवारतेस." पप्पांना स्वतःला काही कळत नसल्यामुळे ती दर तासाला त्यांच्या मानेजवळ नाक नेऊन हुंगायची आणि "काही नाही" म्हणायची. पप्पा उभे राहायचे. ओके.

शिकारीचं जाड हिरवं जॅकेट मात्र धुतलं नाही. ते नवं होतं, वापरलं नव्हतं, मग कशाला धुवायचं. महिनाभरापूर्वी आणलं तेव्हा मम्मीने ते स्टोअरच्या कपाटात ठेवलेल्या निळ्या डफल बॅगेत घातलं होतं.

आता त्या बॅगेबद्दल सांगायला हवं. आमच्या टॉवरच्या खिडक्या चार बोटं उघडतात. घरात सुका बोंबील भाजला की वास एसीच्या डक्टमधून थेट शेजारी जातो, आणि मग सिक्युरिटी दारात: "मॅडम, समवन इज कम्प्लेनिंग, मे बी ड्रेनेज प्रॉब्लेम?" मम्मी म्हणते, "येस येस, ड्रेनेज." म्हणून वसईहून मावशीने पाठवलेला बोंबील, सोडे, जवळा, बाटलीचा मसाला, सगळं तीन तीन पिशव्यांत बांधून त्या निळ्या बॅगेत, आणि बॅग कपाटाच्या तळाशी. वर्षानुवर्षं तिथेच. आमच्या नाकांना तो वास म्हणजे कपाटाचा वास. मम्मीने पहाटे बॅग उघडली, पिशव्या काढल्या, जॅकेट राहू दिलं, चेन लावली आणि पप्पांच्या कपाळावर क्रूस काढला.

पुढचं मी पाहिलं नाही. पण सुजीत अंकलनी ते इतक्या वेळा, इतक्या आवाजांत करून दाखवलंय की मला तिथली वाळू सुद्धा माहीत आहे.

राखीव जागेच्या ऑफिसात पप्पांनी जॅकेट घातलं आणि तिघं ग्रूबर साहेबांच्या गाडीत बसले. साहेब चालवणार, पप्पा शेजारी, अंकल मागे. बाहेर गारठा, काचा बंद. दोन मिनिटांत गाडीत सातपाटीचा मासळीचा धक्का उतरला.

सुजीत अंकल मालवणचे. त्यांना वाटलं, वा, शेफनी डबा आणला. पुढे वाकून मराठीत म्हणाले, "शेफ, नाश्त्याला बोंबील वाटतं?"

पप्पांना वाटलं, गंमत करतोय. "ओके," ते म्हणाले.

"भाकरी पण?"

"ओके."

अंकल खुश होऊन मागे टेकले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, असं ते स्वतः सांगतात. ग्रूबर साहेबांचे कान आणखी लाल झाले. त्यांना वाटलं, सुजीतचा येतोय. पण मागच्याच महिन्यात हॉटेलात कल्चरल सेन्सिटिव्हिटीचं ट्रेनिंग झालं होतं आणि तिथे पहिल्या रांगेत तेच बसले होते. त्यांनी काच एक बोटभर खाली केली. "डेझर्ट एअर," ते म्हणाले. "व्हेरी गूड." थोड्या वेळाने आणखी एक बोट.

तय्यबभाई पुढे टेकडीपाशी थांबले होते. त्यांनी चिमूटभर वाळू सोडून बघितली, वारा समोरून येत होता. म्हणजे हरणाकडून आपल्याकडे. "यल्ला," ते कुजबुजले, आणि सगळ्यात पुढे स्वतः वाकून चालू लागले. वारा समोरून, म्हणून पप्पांचा वास मागे जात राहिला. तय्यबभाईंना पत्ता नाही. मागच्या दोघांना पूर्ण पत्ता.

टेकडीच्या माथ्यावर पप्पा आडवे झाले. खाली घाफच्या झाडाजवळ तो नर होता, एकटा, एक शिंग टोकाला मोडलेलं. अंतर फार नव्हतं. बंदुकीच्या दुर्बिणीतून त्याची पापणी दिसत होती म्हणे. ग्रूबर साहेब कुजबुजले, "टेक युअर टाइम, आर्तुर." पप्पांनी श्वास सोडला.

आणि वारा फिरला.

नराने मान वर केली. नाकपुड्या हलल्या. तो इकडेतिकडे बघत बसला नाही, सरळ पप्पांकडे वळला, जणू कुणी नाव घेऊन हाक मारली. एक क्षण थांबला. मग गेला. वाळू उडाली आणि झाडाखाली काही उरलं नाही.

त्याच वाऱ्याने तय्यबभाईंना गाठलं. ते उठून उभे राहिले. "साब," ते शांतपणे म्हणाले, "बत्तीस बरस का काम है मेरा. ये मछली कौन लाया?"

ग्रूबर साहेबांचं ट्रेनिंग तिथे संपलं. त्यांनी आधी अंकलना हुंगलं, मग अंकलच्या खांद्यावरच्या बॅगेला, मग पप्पांच्या कॉलरशी वाकले आणि एकदम सरळ झाले.

"आर्तुर. व्हॉट इज झिस स्मेल?"

पप्पांनी जॅकेटची बाही नाकाला लावली. खरंच लावली, अंकल म्हणतात, आणि ओढून श्वास घेतला. एकदा. परत एकदा.

सुजीत अंकल मध्ये पडले. "सर, म्हणजे कसं, सर, ही हॅज कोल्ड. सकाळपासून सर्दी. नोज टोटली ब्लॉक्ड, सर."

"कोल्ड? लास्ट नाइट ही टेस्टेड झ सॉस. आय वॉज झेअर."

"सर, सर्दी रात्रीनंतर झाली, सर."

साहेब पप्पांकडे वळले. अंकलनी मागून मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा. एवढं "यस सर, कोल्ड" म्हटलं असतं तर परतताना फार तर जॅकेटवरून हसले असते.

"नो, सर," पप्पा म्हणाले. "मला वास येत नाही. चव पण नाही. एक वर्ष झालं."

परतताना जॅकेट गाडीच्या टपावर बांधलेलं होतं. हॉटेलच्या दारात ग्रूबर साहेब एवढंच म्हणाले, "मंडे, माय ऑफिस."

सोमवारी ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मम्मी म्हणते. त्यांनी पप्पांना कॉफी दिली, मग लक्षात येऊन सॉरी म्हणाले. जो माणूस चाखू शकत नाही त्याच्या हातात सातशे माणसांचं जेवण देता येणार नाही. किचन सुजीत सांभाळेल. कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत, पुढे रिन्यू नाही. परचेसमध्ये जागा निघाली तर बघू, प्रॉमिस नाही.

पप्पा घरी आले आणि डायनिंग टेबलाशी बसून हे सगळं आम्हाला हवामानाच्या बातमीसारखं सांगितलं.

मम्मीने ओढणी तोंडाला लावली. मग काढली. "माझा बोंबील," ती म्हणाली. "मीच घातलं ते जॅकेट त्या बॅगेत."

"बोंबलाचं काय," पप्पा म्हणाले. "ते कधीतरी कळणारच होतं."

"पण कळलं नव्हतं. सुजीत देवासारखा धावला, सर्दी म्हणाला. तू का नाही म्हणालास सर्दी? एक शब्द, आर्थर. हिची बारावी तरी झाली असती."

मी "इट्स ओके, पप्पा, आय कॅन फिनिश फ्रॉम वसई" वगैरे म्हणाले. पप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"त्याचं नाक ओलं होतं," ते म्हणाले. "त्या नराचं. दुर्बिणीतून दिसत होतं. मी त्याच्यावर नेम धरलेला, आणि तो मला हुंगत होता. इतक्या लांबून. तुझा बोंबील, मावशीचं घर, आपलं कपाट, सगळं त्याच्यापर्यंत पोचलं, लिली. नुसती मान वर केली आणि मिळालं त्याला. आणि मी ती बाही नाकावर दाबून बसलो होतो."

"मग?"

"मग राग आला. असा हेवा वाटला मला त्याचा. वर्षभरात कशाचं काही वाटलं नव्हतं. म्हटलं, आता परत त्या साहेबासमोर डोळे मिटून हं, हं करायचं नाही. जमणार नाही मला."

मम्मीने खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणून गोळी मारली नाहीस होय? दया आली?"

"दया कसली," पप्पा म्हणाले. "मारणारच होतो. पळालं ते."