बियाण्याला राखलेला दोडका

सासूबाईंनी दिलेल्या बियांची मी एकदा चेष्टा केली होती, आणि ती चूक होती हे मला फार उशिरा कळलं. आज गॅलरीतल्या वेलाचा दोडका सोलताना शिरांचा हिरवा, ओलसर वास आला आणि खडकीचं आमचं क्वार्टर आठवलं.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. सुनंदाने माहेरून, अमरावतीहून आणलेलं आईचं बी मागच्या कुंपणाशी लावलं होतं. एका रविवारी सकाळी मला पानांआड हातभर लांब दोडका दिसला. त्याला लाल चिंधी बांधलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं समजून मी तो तोडला आणि शेजारच्या काकूंना हाक मारली, "बघा, घरचा दोडका!"

सुनंदा बाहेर आली. "अहो, ती चिंधी बियाण्याची खूण होती. तो वेलावरच वाळू द्यायचा होता. पहिल्या फळाचं बी आईला पाठवणार होते."

"का, अमरावतीत दुकानं नाहीत?" मी म्हणालो. काकू हसल्या. सुनंदाही हसली, पण जरा उशिराने.

दुपारी तिने भाजी केली, शिरांची तीळ घालून चटणी केली. काकूंसह आम्ही तिघं बोटं चाटत जेवलो. तसं जेवण पुन्हा क्वचितच झालं.

पुढच्या दोडक्यांचं बी तिने धरलं, पण आईला पाठवलं नाही. आपलं इथे छान रुजलंय, एवढंच तिला त्या बियांतून माहेरी कळवायचं होतं, हे आज इतक्या वर्षांनी सोलता सोलता माझ्या लक्षात आलं.

अर्धा सोललेला दोडका हातात घेऊन मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "सुनंदा, खडकीला तो चिंधीचा दोडका तोडला त्या दिवशी काकूंसमोर मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."