कुंपणाबाहेरची कबर

"माफ करणं हे देवाचं काम. मला दुसरी कामं आहेत," असं त्या म्हणायच्या आणि विणकामाची सुई पुन्हा लोकरीत खुपसायच्या.

नॉर्थ यॉर्कच्या इमारतीत त्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत. निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेल्या. गोऱ्या म्हाताऱ्या बायका फार गोड बोलतात, असा माझा समज होता, तुमचाही असेल. यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, की तुझ्या फोडणीचा वास आवडतो, पण तुझा नवरा लिफ्टमध्ये हॅलो म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आहे. त्यानंतर नवऱ्यासाठी त्यांनी कधी लिफ्ट थांबवली नाही.

त्या मूळच्या नोव्हा स्कोशियाजवळच्या एका लहानशा बेटावरच्या. तिथे जर्मन वंशाच्या कोळ्यांचं, लुथरन पंथाचं लाकडी चर्च आहे. ते बांधलं होड्या बांधणाऱ्या सुतारांनी, म्हणून छत आतून उलट्या होडीसारखं दिसतं. यांचे वडील त्याच सुतारांच्या घराण्यातले. चर्चची डागडुजी त्यांच्याकडे असे. या लहान असताना एकदा रविवारी बाहेरचे पाहुणे यायचे होते, म्हणून चर्चच्या समितीच्या प्रमुखाने वडिलांना सोसाट्याच्या वाऱ्यात दुरुस्तीसाठी मनोऱ्यावर चढवलं. ते पडले आणि गेले. प्रमुखाने गावात सांगितलं, की ते प्यायले होते. मग दारुड्याला पवित्र जमीन कशाला, म्हणून त्यांना चर्चच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं.

"त्यांनी फक्त चहा घेतला होता. मीच करून दिला होता," त्या मला म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता.

पुढे चर्चचा वर्धापनदिन आला, तेव्हा समितीने फोन केला. सुतारांच्या घराण्यातल्या तुम्हीच उरलात, चर्चच्या इतिहासावर बोला, म्हणाले. यांचे गुडघे दुखत, म्हणून मी सोबत गेले.

त्या बोलायला उभ्या राहिल्या. लाकूड कुठून आलं, छत कसं चढवलं, सगळं मायेने सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग त्यांनी पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो त्या प्रमुखाचा मुलगा, आताचा प्रमुख.

"माझ्या वडिलांना तुझ्या वडिलांनी वर चढवलं. तू तिथे होतास. सांग, ते प्यायले होते?"

तो म्हणाला, "नाही. मला घरून गप्प बसायला सांगितलं होतं."

बाहेर आल्यावर त्याने कुंपण सरकवून कबर आत घेऊ म्हटलं. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता या विरघळणार.

"कुंपण आहे तिथेच राहील," त्या म्हणाल्या. "आणि ते तिथे का आहे, हे विचारेल त्याला तू स्वतः सांगायचं. जिवंत असेपर्यंत."

परतताना फेरीबोटीत त्यांनी विचारलं, मी तुला दुष्ट वाटले का. मी हो म्हटलं. त्या हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मी त्यांचा हात किनारा येईपर्यंत सोडला नाही.

दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना वडिलांशेजारीच पुरलं. पुढच्या उन्हाळ्यात मी बेटावर गेले, तेव्हा काही टुरिस्ट चर्चचे फोटो काढत होते. त्यातल्या एका बाईने विचारलं, या दोन कबरी बाहेर का?

काठी टेकत तो म्हातारा पुढे आला. त्याने टोपी काढली, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "माझ्या वडिलांनी..."